डिकीतून पाहिलेली अमेरिका

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. पत्र्याची, हिरव्या रंगाची, एका कोपऱ्यावर चेपलेली. मित्रांनो, माझ्याजवळ आलात तर तुम्ही आधी नाक मुरडाल, म्हणून आरंभीच सांगून ठेवते: माझ्या अंगाला जो वास येतो तो माझा नाही. पत्र्याला स्वतःचा असा वास फारसा नसतो. हा वास माणसांनी माझ्यात ठेवला आणि तो परत न्यायला ती विसरली.

अमेरिकेतील पुष्कळ प्रेक्षणीय स्थळे मी पाहिली आहेत. म्हणजे त्यांचे वाहनतळ पाहिले आहेत. शिकागोचे सरोवर मला ठाऊक आहे ते तापलेल्या डांबराच्या आणि सांडलेल्या मोहरीच्या चटणीच्या वासावरून. न्यू ऑर्लिन्समध्ये लोक रस्त्यात गाणी ऐकत उभे होते, तेव्हा माझ्यात कोळंबीची टरफले कोमट पाण्यावर तरंगत होती. नायगाऱ्याचा धबधबा मी ऐकला, पाहिला नाही. तेथे एक पांढरा समुद्रपक्षी माझ्या झाकणावर येऊन बसला आणि त्याला जे करायचे होते ते करून उडून गेला. सुंदर गोष्टी पाहायला निघालेली माणसे वाटेत किती घाण करतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने काही वर्षे मोटारीच्या डिकीत काढावीत.

माझा जन्म कॅन्सस राज्यातील एका कारखान्यात झाला. बाहेर नजर पोहोचेल तिथवर गहू, आणि आत हातोड्यांचा आवाज. पत्र्याच्या दोन भिंती, मध्ये थंडी धरून ठेवणारा कापसासारखा थर, झाकणाला रबराची पट्टी, पुढे चकचकीत खिटी आणि तळाशी पाणी सोडण्याचे बूच, असा माझा देह घडला. पहिल्या दिवशी मी स्वच्छ होते. त्या स्वच्छतेची आठवण मला अजून छळते.

सेंट लुईसच्या एका दुकानातून मला अलॉन्झोने विकत घेतले. तो पोलादाच्या भट्टीवर काम करी. उंच, काळा, कमी बोलणारा माणूस. दर उन्हाळ्यात बायकोला आणि लहानग्या एर्नेस्टीनला मोटारीत घेऊन तो दक्षिणेकडे, मिसिसिपीतल्या आपल्या आईकडे जाई. त्या रस्त्यावर खाणावळी पुष्कळ होत्या. पण तो काळ असा होता की, त्यांतल्या एकाही टेबलाशी काळ्या माणसाला बसू देत नसत. म्हणून दोन दिवसांचे सारे जेवण माझ्यात भरले जाई. तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, लोण्याचा केक, काचेच्या बरणीत लिंबाचे सरबत.

अलॉन्झोची मला धुण्याची रीत ठरलेली होती. परत आल्या आल्या, अंगातला सदरासुद्धा न बदलता, तो मला मागच्या ओसरीवर नेई. उकळते पाणी आणि मूठभर खायचा सोडा घालून घासे, पुसे, आणि झाडूच्या मोडक्या दांड्याचा वीतभर तुकडा झाकणाखाली उभा करून मला उघडी ठेवी. झाकण लावून ठेवलेली पेटी मरते, असे तो लेकीला सांगे. एर्नेस्टीन तो तुकडा आणून देई. तेवढेच तिचे काम, पण ते ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

एका प्रवासात, एर्नेस्टीन सहा वर्षांची असताना, वाटेत आइस्क्रीमचे दुकान लागले. मोठ्या काचेतून उंच स्टुलांवर बसलेली गोरी मुले दिसत होती. अलॉन्झोने मोटार थांबवली. दारातल्या माणसाने बोटाने खूण केली: तुम्हाला मागच्या खिडकीतून मिळेल. मोटार दुकानाच्या मागच्या बाजूला वळली. त्या दिवशी मी मागच्या आसनावर, एर्नेस्टीनशेजारी होते, आणि काच खाली होती. खिडकी कचऱ्याच्या पिंपांच्या अगदी वर होती. पिंपांत आंबलेले दूध होते. माश्यांचा घोंगावता पडदा होता आणि खाली जमिनीवर पांढरे काहीतरी वळवळत होते. त्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि पैशांची वाट पाहत होता.

अलॉन्झो उतरून क्षणभर तिथे उभा राहिला. मग मोटारीत येऊन बसला आणि त्याने दार ओढून घेतले.

"आपण मागच्या खिडकीतून खात नाही, बाळा," तो म्हणाला. "आपल्याकडे आपली पेटी आहे."

त्याने तिला एक अंडे दिले. तिने ते सोलले आणि खाल्ले नाही. मुठीत धरून ती बाहेर बघत राहिली. मेम्फिस येईपर्यंत त्या मुठीत अंड्याचा चिखल झाला होता. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा किळस आली. ती पिंपांमुळे आली असे मी बरीच वर्षे समजत होते.

काळ गेला. कायदे बदलले, दारे उघडली. अलॉन्झो वारला आणि मी एर्नेस्टीनची झाले. तिच्या चर्चमध्ये गाणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या: व्हर्लीन, जिचा देह मोठा आणि हसणे त्याहून मोठे, आणि क्लॅरिस, बँकेत वरच्या पदावर असलेली, जिच्या पँटची इस्त्री भर उन्हाळ्यातही मोडत नसे. तिघींनी नेम ठरवला होता. दर जुलैत एक शहर पाहायचे. मोटार व्हर्लीनने हाकायची, हॉटेल क्लॅरिसने ठरवायचे आणि जेवण एर्नेस्टीनने आणायचे. आणायचे म्हणजे माझ्यातून.

त्या वर्षांतील हालांविषयी काय सांगू? व्हर्लीनच्या नवऱ्याने मला एकदा मासेमारीला नेले आणि माझ्यात गळाला लावायची गांडुळे ठेवली. वाहनतळांवर परकी माणसे मला बाक समजून घामेजल्या अंगाने टेकत आणि उठताना चघळलेले च्युइंगगम माझ्या कडेला चिकटवून जात. दमलेली व्हर्लीन माझ्या बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसे. ज्या पाण्यात सकाळी अंडी होती त्याच पाण्यात. तिला लाज म्हणून नव्हती. एर्नेस्टीन दर वेळी मला उकळत्या पाण्याने घाशी म्हणून मी तग धरून राहिले. मला धुण्याचा हक्क तिने कुणाला दिला नाही. एकदा व्हर्लीनने परस्पर धुतले, तर एर्नेस्टीनने येऊन पुन्हा धुतले आणि आठवडाभर तिच्याशी तुटक बोलली.

"या पेटीला आता मतदानाचा हक्क मिळवून दे," व्हर्लीन म्हणे. "इतकी वर्षं या देशात फिरतेय बिचारी."

क्लॅरिस हसत नसे. तिला माझा वास खुपे, चेपलेला कोपरा खुपे, आणि सर्वांत जास्त खुपे ते डिकीशी उभे राहून जेवणे. मोठ्या संग्रहालयांतून, पुतळ्यांजवळून ती ताठ मानेने हिंडे. आणि जेवणवेळी तिला वाहनतळावर, उघड्या डिकीपुढे, हातात कोंबडीची तंगडी घेऊन उभे राहावे लागे. शेजारून जाणारे लोक बघत. ती पाठ फिरवून खाई. एर्नेस्टीनला हे दिसत असेल का, याचा मी पुष्कळदा विचार केला. मला वाटते, डिकी उघडली की एर्नेस्टीनला फक्त आपले वडील दिसत.

ज्या वर्षी एर्नेस्टीनला साठ वर्षे पूर्ण झाली, त्या वर्षी तिघी वॉशिंग्टनला गेल्या. सकाळभर त्यांनी पांढरे संगमरवरी खांब आणि लांबच लांब पाणी पाहिले. दुपारी पाय सुजवून त्या नदीकाठच्या वाहनतळावर परतल्या. एर्नेस्टीनने डिकी उघडली, चौकड्यांचे फडके अंथरले आणि घरून तळून आणलेली कोंबडी काढू लागली. माझ्यात अर्धा बर्फ वितळला होता. कोंबडीची चरबी त्यावर पांढरी साकळली होती. खोटे कशाला बोलू, दृश्य शोभिवंत नव्हते.

तेव्हा क्लॅरिस म्हणाली की, आज हे राहू दे. तिने नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात जागा राखून ठेवली होती. कित्येक आठवड्यांपूर्वी, एर्नेस्टीनच्या वाढदिवसासाठी, गुपचूप. पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्ती, आणि अगदी खिडकीजवळचे टेबल.

"खिडकीजवळचं?" एर्नेस्टीनने विचारले. तिचा हात माझ्यात तसाच थांबला होता.

"अगं, सगळ्यात चांगली जागा आहे ती."

"मला खिडकीचं काही नको," एर्नेस्टीन म्हणाली आणि तिने कोंबडीचा तुकडा व्हर्लीनच्या हातात ठेवला. "इथंच खाऊ."

क्लॅरिसला ठाऊक नव्हते. एर्नेस्टीनने ती आइस्क्रीमची गोष्ट कुणाला सांगितलीच नव्हती. ती फक्त मला ठाऊक होती आणि मला तोंड असूनही बोलता येत नाही. शेजारी मुलांच्या सहलीची बस उभी होती. मुले खिडक्यांतून टक लावून बघत होती. क्लॅरिसचा आवाज खाली गेला, आणि खाली गेलेला आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असतो.

"आपल्याला आता कुणी हाकलत नाही, एर्नेस्टीन. दारं उघडून किती वर्षं झाली. आणि तू अजून डिकीतून खातेस, तुपट बोटं चाटतेस, आम्हालाही चाटायला लावतेस. किळस येते मला. या पेटीची नाही. तुझी."

"क्लॅरिस, पुरे झालं," व्हर्लीन म्हणाली.

एर्नेस्टीनने व्हर्लीनच्या हातातला तुकडा परत घेतला, माझ्यात टाकला, झाकण लावले आणि खिटी दाबली. हॉटेलातले टेबल त्या दिवशी रिकामे राहिले असेल. तिघींपैकी कुणीच जेवले नाही. घरापर्यंतचा रस्ता व्हर्लीनने रेडिओ लावून कापला.

दारात उतरताना एर्नेस्टीनने फक्त आपली बॅग घेतली. पेटी तुझ्याकडेच असू दे, मला ती डोळ्यांपुढे नको, असे तिने व्हर्लीनला सांगितले. व्हर्लीनने मला आपल्या तळघरात नेऊन ठेवले. तिने मला उघडले नाही. एर्नेस्टीन दोन दिवसांत येईल आणि स्वतः धुईल, दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही, असा तिचा हिशेब होता. एर्नेस्टीनला वाटले, एवढे सांगितल्यावर व्हर्लीनने धुतलीच असेल. अशा रीतीने दोघींच्या मायेत मी कुजायला लागले.

मित्रांनो, ते वर्णन मी आवरते घेणार होते. पण आवरून घेतलेल्या गोष्टींमुळेच तर हे झाले. प्रथम बर्फाचे पाणी झाले, मग पाण्याचा रस्सा झाला. अंडी फुगली आणि फुटली. कोंबडीने हाडे सोडली. भिंतींवर काळी, केसाळ साय चढली. माझी रबराची पट्टी उत्तम होती, याचा मला पूर्वी अभिमान वाटे. तिने एवढासाही वास बाहेर जाऊ दिला नाही. बाहेरून मी सभ्य हिरवी पेटी होते. आत मला माझीच शिसारी येत होती आणि तिच्यापासून दूर सरकायला जागा नव्हती.

वरच्या मजल्यावरील पावले मला ऐकू येत. रविवारी एर्नेस्टीन येई, बुधवारी क्लॅरिस येई. दोघी कधी एकत्र आल्या नाहीत. व्हर्लीन एकीपुढे दुसरीचे नाव काढीत नसे. तिच्याही झाकणाची पट्टी चांगली होती. जुलै आला, गेला. पुन्हा आला आणि गेला. कुठलेही शहर कुणी पाहिले नाही.

मग व्हर्लीनचे गुडघे गेले. नवरा आधीच गेला होता. तिने घर विकले आणि ऍरिझोनात लेकीकडे कायमचे जायचे ठरवले. सामान आवरायला तिने दोघी मैत्रिणींना बोलावले. एकाच दिवशी, एकाच वेळी, आणि एकीला दुसरीबद्दल न सांगता. तळघराच्या जिन्यात त्या समोरासमोर आल्या तेव्हा दोघींनी व्हर्लीनकडे पाहिले.

"माझ्याकडे बघू नका," ती वरून म्हणाली. "मी चाललेय. इथून पुढे भांडायचं तर आपापल्या गाडीनं एकमेकींच्या घरी जावं लागेल. मधे मी नाही."

दोघी खोकी भरू लागल्या. जे देऊन टाकायचे ते क्लॅरिस दाराकडे नेऊन ठेवीत होती. तिचा हात माझ्या कडीवर आला. मी जड लागले म्हणून ती थबकली.

"यात काय आहे?"

"हात लावू नकोस तिला," एर्नेस्टीन म्हणाली.

पण खिटी उघडली होती.

काय बाहेर पडले ते मी सांगत नाही. मलाही काही मर्यादा आहेत. साठी ओलांडलेल्या दोन बायका शाळकरी मुलींसारख्या जिना चढून अंगणात पळाल्या, आणि तिसरी दुखऱ्या गुडघ्यांवर त्यांच्या मागे. क्लॅरिस पांढऱ्या पँटमध्ये, फुलझाडाच्या वाफ्यात ओकली. एर्नेस्टीन कुंपणाला धरून ओकली. व्हर्लीन पायरीवर बसून नाकाला रुमाल लावून म्हणाली, "घर घेणाऱ्यांना सांगू नका, बायांनो. पैसे अजून हातात आलेले नाहीत."

कुणी हसले नाही. क्लॅरिसने तोंड पुसले, आत जाऊन हातमोजे चढवले, आणि ती पुन्हा तळघरात उतरली. तिने मला उचलून अंगणात आणले. मान वळवून, श्वास कोंडून, तिने मला कडेच्या खड्ड्यात पालथे केले, सांडलेल्या घाणीवर माती ओढली आणि माझ्यावर पाण्याची नळी सोडली. पँटवर ते सगळे उडाले. ती थांबली नाही. एर्नेस्टीन कुंपणाशी उभी राहून पाहत होती. भांड्यांचा सुगंधी साबण आला, घासणी आली, फेस काळा होऊन वाहिला. वास तसाच.

"त्यानं नाही जायचा," अखेर एर्नेस्टीन म्हणाली. "सोडा लागतो. आणि पाणी उकळतं."

तिने स्वतः पाणी आणले. दोघी माझ्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसल्या.

"एवढी घाण," क्लॅरिस पुटपुटली.

"माझीच कोंबडी आहे ती. वाढदिवसाची."

क्लॅरिसचा हात थांबला. मग एर्नेस्टीनने, मान वर न करता, माझ्या तळाकडे पाहत, ती आइस्क्रीमची गोष्ट सांगितली. तिने फार शब्द वापरले नाहीत. पिंपे, माश्या, खिडकीतून आलेला हात. वडिलांनी दार कसे ओढून घेतले. मुठीतले अंडे.

"ते कधी कुठल्या टेबलाशी बसले नाहीत गं रस्त्यात," ती म्हणाली. "मग मी एकटीनं खिडकीशी जाऊन बसायचं, आणि त्यांची पेटी डिकीत? मला जमेना. तुला सांगताही येईना."

"मला वाटलं, तुला माझं टेबल आवडलं नाही."

"टेबल मी पाहिलंच कुठं?"

क्लॅरिसने मोजा काढला आणि ओल्या, तांबारलेल्या हाताने एर्नेस्टीनचा हात धरला. ती काही म्हणाली असेल. नळीच्या आवाजात मला ऐकू आले नाही. मग ती उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि गुडघ्यावर त्याचा दांडा मोडला.

"अगं, चांगला झाडू आहे तो," व्हर्लीन ओरडली.

"तू वाळवंटात चाललीयेस. तिथं काय वाळू झाडणार आहेस?"

तेव्हा मात्र तिघी हसल्या. मोडलेल्या दांड्याचा वीतभर तुकडा क्लॅरिसने एर्नेस्टीनला दिला. एर्नेस्टीनने तो झाकणाखाली उभा केला. दोन वर्षांनी माझ्या आत वारा शिरला.

व्हर्लीनला पोहोचवायला तिघी एकत्र निघाल्या आणि वाट वाकडी करून ग्रँड कॅन्यन पाहायला गेल्या. दरीच्या काठावर जेवणाचे हॉटेल आहे. या वेळी क्लॅरिसने आधी विचारले आणि मगच जागा राखली. मोटार वाहनतळावर थांबली. डिकी उघडली. मी रिकामी होते. कोंबडी कुणीच आणली नव्हती. तरी क्लॅरिसने मला बाहेर काढले, एका कडीला स्वतः धरले, दुसरीला एर्नेस्टीनने, आणि मला पुढच्या दाराने आत नेले.

दारावरच्या मुलीने अदबीने सांगितले की बाहेरचे खाणे आत चालत नाही.

"आत काही नाही," क्लॅरिस म्हणाली. "बघ हवं तर. हिला फक्त बसायचंय."

टेबल चौघांचे होते. मला चौथ्या खुर्चीवर ठेवले. झाकण दांड्याच्या तुकड्यावर टेकलेले. समोर मोठी काच होती आणि काचेपलीकडे जमीन संपत होती. खाली तांबड्या खडकांचे थर आणि त्यांवरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. इतक्या वर्षांत मी पाहिलेले ते पहिले प्रेक्षणीय स्थळ. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ रुमालात नाक शिंकरून तोच रुमाल पावाच्या टोपलीवर ठेवीत होता, हेही मला दिसले. माझा स्वभाव काही बदललेला नाही.

एर्नेस्टीनने जेवणाआधीच आइस्क्रीम मागवले. ते आले, आणि ती चमचा हातात धरून बाहेर बघत राहिली. आइस्क्रीम वितळू लागले. कुणी तिला घाई केली नाही. मग तिने एक चमचा खाल्ला, मग दुसरा. एक थेंब माझ्या झाकणावर पडला. तिने लगेच रुमाल पाण्यात बुडवून तो पुसला आणि कोरडाही केला.

मित्रांनो, सहलीहून परतलात की दमलेले असाल, तरी आपल्या पेटीचे झाकण आधी उघडा. आत काय उरले आहे ते पाहा, नाक धरावे लागले तरी पाहा. दुसऱ्या कुणीतरी धुतले असेल असे समजू नका, आणि दुसऱ्याची आहे म्हणून हात आखडू नका. उकळते पाणी, मूठभर सोडा आणि झाकणाखाली वीतभर लाकूड, एवढे पुरते.

हल्ली माझा मुक्काम क्लॅरिसच्या मागच्या ओसरीवर असतो. दर रविवारी चर्च सुटल्यावर एर्नेस्टीन तेथे येते, माझ्यात डोके घालून वास घेते आणि म्हणते, "अजून येतोय." मग दोघी बाह्या सरसावतात आणि पाणी तापत ठेवतात.